नम्रता आढावचं नाक

मला किळस लवकर येते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी मला सज्जन समजायला नको. एकतीस वर्षं मी पालिकेत कारकुनी केली ती थुंकी लावून कागद उलटणाऱ्या माणसांच्या शेजारी बसून. त्यांनी दिलेली फाइल मी कोपऱ्याला धरून घ्यायचे. कोणी उष्टा चमचा पुन्हा भाजीच्या भांड्यात घातला की माझं जेवण तिथेच संपतं. आमचे हे हयात असताना म्हणायचे, "सुचित्रा, तुला देवानं फिनेलच्या पाण्यात कालवून बनवलीय."

अशा बाईच्या नशिबी शेजार आला तो नम्रता आढावचा.

परळला आमची चाळ आहे. दुसऱ्या मजल्यावर तिची खोली एकवीस, माझी बावीस. मधली भिंत अशी, की तिनं लसूण ठेचला तर माझ्या फळीवरचे डबे वाजतात. नम्रता आज सहासष्ट वर्षांची आहे. आईबाप नगरकडचे, तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. ती जन्मली, वाढली, लग्न होऊन विधवा झाली ती सगळी परळ-लालबागमध्येच. मुलगी नाशिकला असते. एका मोठ्या हॉस्पिटलात ड्रेसिंगच्या खोलीत ती अठ्ठावीस वर्षं आया होती. दहा वर्षांपूर्वी रिटायर झाली. रिटायर झालेली माणसं नातवंडं सांभाळतात, तीर्थयात्रा करतात, निदान टीव्हीसमोर झोपतात. ही फुटपाथवर गेली.

आमच्यापासून पाच मिनिटांवर कॅन्सरचे पेशंट राहतात तो फुटपाथ आहे. गावाहून आलेली माणसं हॉस्पिटलच्या दोन तारखांच्या मधले दिवस तिथेच प्लॅस्टिक बांधून काढतात. खोली परवडत नाही, धर्मशाळेत नंबर लागत नाही, गावी जाऊन परत यायची अंगात ताकद नाही. रविवार सोडून रोज सकाळी सातला नम्रता निळी प्लॅस्टिकची बास्केट घेऊन जिना उतरते. बास्केटमध्ये मीठ-सोड्याचं उकळून गार केलेलं पाणी, कापूस, पट्ट्या, हातमोजे, स्टीलचा ट्रे आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या गोळ्यांची पूड. तोंडाच्या कॅन्सरच्या जखमा धुते. दहा-बारा माणसं असतात. साडेनऊला परत येते.

तंबाखू खाऊन खाऊन गालाला आरपार भोक पडलेली माणसं असतात ती. पाणी प्यायलं तर गालातून बाहेर येतं. आणि वास! उन्हाळ्यात वीज गेलेल्या फ्रिजमध्ये दोन दिवस राहिलेल्या कोळंबीचा वास ज्यांनी घेतलाय त्यांनी तो दुप्पट करावा. तो कपड्यांना लागतो, केसांना लागतो, आमच्या जिन्यात नम्रताच्या आधी पोचतो. मी तिच्याशी त्यावरून किती भांडले असेन त्याला गणती नाही. बास्केट पॅसेजमध्ये ठेवू नकोस, ट्रे धुतलेलं पाणी माझ्या दारावरून नेऊ नकोस, साडी आतच वाळत घाल. ती म्हणायची, "धुतलंय गं, दोनदा धुतलंय." मी म्हणायचे, "तिसऱ्यांदा धू." ती खरंच जाऊन तिसऱ्यांदा धुवायची. अशा माणसाशी भांडण्यात काडीचा आनंद नसतो.

सुरुवातीला ती एकटी नव्हती. तिच्या चर्चच्या महिला मंडळातल्या चार जणी पाळीपाळीनं यायच्या. मंडळाच्या सेक्रेटरी प्रिती साळवे कोऱ्या एप्रनमध्ये यायच्या, तोंडाला दुहेरी मास्क, मान वळवलेली, हात मात्र पुढे. येत होत्या, हे महत्त्वाचं. मग करोना आला.

दुसऱ्या लाटेत नम्रताला झाला आणि तिचं नाक गेलं. म्हणजे वास गेला. मी हिंगाची डबी तिच्या नाकाखाली धरली, काही नाही. तिच्या दारात सुके बोंबील भाजले, ढिम्म. बाकी ती खडखडीत बरी झाली आणि फुटपाथ पुन्हा भरला तशी पुन्हा बास्केट घेऊन जाऊ लागली.

त्यांचे पाळक यशोधन काळोखे तेव्हा नवीन होते. तरुण, बोलायला गोड, माइक हातात असला की आणखी गोड. ते प्रार्थनेला घरी आले. भिंतीपलीकडे सगळं ऐकू येतंच. त्यांनी विचारलं, "ताई, अजिबात वास येत नाही?" ती म्हणाली, "नाही साहेब." "त्या जखमांचासुद्धा?" "नाही." मग पाळकसाहेब हळूच म्हणाले, "प्रभूची योजना बघा."

पुढच्या रविवारी ती योजना व्यासपीठावरून जाहीर झाली. प्रभूनं आपल्या दासीचा वास काढून घेतला आणि तिला सेवेसाठी मोकळं केलं. मग ती गोष्ट मंडळीच्या मासिकात नम्रताच्या फोटोसकट छापून आली. मग नगरच्या मेळाव्यात सांगितली गेली, तिथे म्हणे लोक उभे राहून रडले. नम्रता मला मासिक दाखवायला आली तेव्हा लाजत होती. खरं सांगायचं तर मलाही ते पटलं होतं. देवाचं सोडा, पण हिला काय, नाक बंद, आपलं बरं चाललंय, असं मी धरून चालले. तिसऱ्यांदा धू म्हणताना मग मला जरासुद्धा वाईट वाटेनासं झालं.

आणि महिला मंडळ? एक-एक करून चौघी बंद झाल्या. शेवटी प्रितीबाई आल्या, पॅसेजमध्ये उभ्या राहूनच म्हणाल्या, "नम्रताताई, तुम्हाला प्रभूनं वरदान दिलंय. आम्हाला नाही दिलं, त्याला आम्ही काय करणार?" चेहऱ्यावर सुटल्याचा आनंद मावत नव्हता. किळस त्यांना येत होती, मला येते तशीच, त्यात काही गुन्हा नाही. पण आपल्या किळसेवर चमत्काराचा रुमाल टाकायचा आणि वर देवाचेच आभार मानायचे, हे मला त्या कोळंबीहून घाण वाटलं. मी दार जोरात लावलं. त्यांना वाटलं असेल वाऱ्यानं लागलं.

चार वर्षं ती एकटी जात राहिली.

यंदा जानेवारीत गणपत आणि रखमा आले. कणकवलीकडचे, म्हणजे माझ्याच मुलखातले. गणपत साठीला टेकलेला, उजवा गाल जवळजवळ नाहीसा झालेला. अँटॉप हिलला त्यांचा सख्खा पुतण्या आहे. त्यानं आठ दिवस ठेवून घेतलं आणि मग सांगितलं, काका, बिल्डिंगमधले लोक वासाची कंप्लेंट करतात. रिक्षात बसवून फुटपाथवर आणून सोडलं, जाताना पाया पडला. हे ऐकून मला त्या पुतण्याची इतकी शिसारी आली, की दोन दिवस मी चाळीत सगळ्यांना सांगत सुटले. मी स्वतः मच्छीबाजारात जाताना त्याच फुटपाथवरून नाकाला पदर लावून जात होते, ते काही मी कोणाला सांगितलं नाही.

जाता-येता मी बघायचे. गणपत पाणी प्यायचा तेव्हा बाटली तोंडाच्या डाव्या कोपऱ्याला लावायचा, मान तिरकी करायचा, तरी अर्धं पाणी गळ्यावरून बनियनमध्ये उतरायचं. ती बाटली दिसली की मी नाकावरचा पदर आणखी दाबून धरायचे. आणि माणूस आडमुठा. नम्रता पट्टी सोडायला लागली की तिचा हात ढकलायचा, तोंड भिंतीकडे फिरवायचा, घशातून काहीतरी गुरगुरायचा. ती पुन्हा हात पुढे करायची, तो पुन्हा ढकलायचा. रखमा बाजूला उभी राहून रडायची. नम्रतानं तिला पट्टी करायला शिकवायचा एकदा प्रयत्न केला, तर ती जखम बघून तिथेच चक्कर येऊन पडली. मी मनात म्हणायचे, फुकटची सेवा मिळतेय आणि वर ह्याचा तोरा बघा.

फेब्रुवारीच्या शेवटी एका सकाळी मी दूध तापत ठेवलं आणि बहिणीशी फोनवर बोलत बसले. मला पडसं झालं होतं. तेवढ्यात भिंतीपलीकडून नम्रता ओरडली, "सुचित्रा, दूध करपतंय!"

मी धावले. दूध उतू जाऊन तळाला लागलं होतं. गॅस बंद केला, पातेलं उतरवलं, आणि फडकं हातात तसंच धरून उभी राहिले. मग एकवीसमध्ये गेले. ती नुकतीच परत आली होती, मोरीत ट्रे धूत बसली होती.

"तुला कसं कळलं?"

"काय?"

"दूध."

"आवाज आला असेल."

"करपण्याचा आवाज येतो?"

ती ट्रे घासत राहिली. तो स्वच्छ झाला होता, तरी घासत राहिली. मी मोरीच्या उंबऱ्यावर बसले. त्या मोरीत मी आयुष्यात पहिल्यांदा बसले होते.

"कधीपासून येतो वास?"

"दिवाळीपासून."

"या दिवाळीपासून?"

"नाही गं. करोना झाला त्याच वर्षीच्या. सहा महिन्यांतच आला परत." तिनं नळ बंद केला. "मला वाटलं होतं, पहिला वास येईल तो तुझ्या करंज्यांचा येईल. तू तळत होतीस तेव्हा मी मुद्दाम दारात येऊन उभी राहायचे. आला तो फुटपाथवर. एका बाईची पट्टी सोडली आणि एकदम आला. टॅक्सीच्या आड जाऊन ओकले."

"आणि चार वर्षं गप्प बसलीस?"

"कोणाला सांगणार? तोपर्यंत नगरला सांगून झालं होतं. पाळकसाहेब इतके खूश होते! म्हटलं पुढच्या रविवारी सांगू, पुढच्या रविवारी सांगू." ती हसली, पण ते हसू काही खरं नव्हतं. "चमत्कार झाला नाही असं मी म्हणत नाही. सहा महिने झालाच होता. नंतर संपला, एवढंच."

मला राग आवरेना. चार वर्षं रोज सकाळी ही बाई तो वास छातीत भरून घेत होती, घरी येत होती, आणि मी तिला तिसऱ्यांदा धू म्हणत होते. त्या चौघी वरदान वरदान करत घरी बसल्या होत्या. आणि ही मुखदुर्बळ सगळ्यांची सोय बघत गप्प! मला तिची चीड आली, त्यांची आली, माझी तर आलीच.

"मला आता होत नाही, सुचित्रा," ती म्हणाली. "वासाचं नाही एवढं. पूर्वी ओकले तरी वर बघून हसता यायचं. आता मला त्या माणसांचाच कंटाळा येतो. पट्टी सोडताना मनात येतं, कशाला खाल्लीस तंबाखू, आता भोग. असं मनात आणून जखम धुवायची म्हणजे काय सेवा झाली का ती? रोज निघताना मी प्रभूला विचारते, आज नाही गेले तर चालेल का? उत्तर येत नाही. मग सात वाजतात आणि मी चपला घालते."

मार्चमध्ये त्यांचा महिला रविवार होता आणि त्या दिवशी तिचा सत्कार ठरला होता. तिनं मनाशी पक्कं केलं होतं. शाल घ्यायची, सगळ्यांसमोर सांगायचं की गुडघे गेले, आता जमत नाही, आणि थांबायचं.

"गुडघ्यांना काय झालंय? माझ्याआधी जिना चढतेस."

"म्हणूनच तर चर्चमध्ये खोटं बोलायला जिवावर आलंय. पण एक खोटं चालूच आहे, त्यात हे दुसरं."

"आणि गणपतचं काय?"

तिनं ट्रे उपडा करून पाणी निथळवलं. त्याची पुढची तारीख एप्रिलच्या अखेरीला होती. सत्कारापासून तिथपर्यंत महिना-दीड महिना. पट्टी रोज बदलली नाही तर त्या जखमेत काय होतं, हे तिनं मला एकदा सांगितलं होतं आणि मी त्या दिवशी भात खाऊ शकले नव्हते.

"सोड," मी म्हटलं. "पुरे झालं. तू काय जगाचा मक्ता घेतलायस?" हे मी तिच्यासाठी म्हणाले, असं मला म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पण त्याच क्षणी माझ्या मनात आलं, की आता पॅसेज स्वच्छ राहील.

ती ट्रे पुसत होती. "प्रभूसुद्धा दमला होता गं एकदा," ती म्हणाली. "भर दुपारी विहिरीच्या काठाला बसला होता. शिष्य जेवण आणायला गेलेले. एकटाच."

"मग काय केलं त्यानं?"

"पाणी मागितलं. एका परक्या बाईकडे."

मला त्यातून काही बोध झाला नाही. मी करपलेलं पातेलं घासायला गेले.

महिला रविवारी मी चर्चला गेले ते तिनं बोलावलं म्हणून. नेसायला इस्त्रीची साडी, नाकाला काही लागू नये म्हणून पर्समध्ये वेलदोडा. आत गेले आणि पहिल्याच बाकावर मला गणपत आणि रखमा दिसले. पाळकसाहेबांनी त्यांना टॅक्सीनं आणवलं होतं. लोकांना सेवेचं फळ डोळ्यांनी दिसावं म्हणून.

लोकांना ते नाकानं दिसलं. गणपतच्या मागचे दोन बाक बघता बघता रिकामे झाले. प्रितीबाई मंडळाच्या बायकांबरोबर पुढेच होत्या, त्या उठून पार खिडकीपाशी गेल्या, रुमालावर सेंट शिंपडून तो नाकाला धरला. कोणीतरी पंखा वाढवला, त्यानं वास आणखी पसरला. मग कोट घातलेले एक गृहस्थ वेस्ट्रीतून, म्हणजे पाळकांच्या आतल्या खोलीतून, रूम फ्रेशनरचा डबा घेऊन आले आणि गणपतच्या डोक्यावर, खांद्यावर, दोन्ही बाजूंनी त्यांनी फवारा मारला, झुरळांवर मारतात तसा. गुलाबाचा वास होता. गणपतनं खांद्यावरचा टॉवेल ओढून तोंडावर घेतला आणि मान खाली घातली.

मी वेलदोडा तोंडात टाकला होता, तो मला थुंकून टाकावासा वाटला.

पाळकसाहेबांचं प्रवचन सेवेत न थकण्यावर होतं. थकवा शरीराला येतो, विश्वासाला येत नाही, असं ते म्हणाले. जो थकला त्यानं आपला विश्वास तपासावा, असंही म्हणाले. मी इकडे तिकडे बघितलं, तर माना डोलत होत्या. पंख्याखाली बसून माना डोलवायला थकवा येत नाही, हे खरंच आहे. शेवटी त्यांनी नम्रताकडे हात केला. "या बहिणीकडे बघा. आपण सगळे इथे अस्वस्थ झालो आहोत, मी मान्य करतो. पण तिला, या घटकेलासुद्धा, काहीही जाणवत नाहीये. स्तुती असो!"

टाळ्या झाल्या. शाल आली, फुलं आली, फोटो झाला. मग साक्ष द्यायला तिच्या हातात माइक दिला.

"माझे गुडघे," ती म्हणाली आणि थांबली. ती गणपतकडे बघत होती. त्याच्या टॉवेलवर फ्रेशनरचे ओले ठिपके पडले होते.

"माझे गुडघे बरे आहेत," ती म्हणाली. कोणीतरी हसलं.

"मला वास येतो."

पाळकसाहेबांना वाटलं ऐकण्यात चूक झाली. ते पुढे वाकले.

"करोनात गेला होता, सहा महिन्यांनी परत आला. चार वर्षं येतोय. मी सांगितलं नाही, ते माझं पाप, त्याची मी क्षमा मागते. रोज येतो. आत्ता येतोय. गुलाबाचाही येतोय." तिनं माइक दोन्ही हातांनी धरला. "मला किळस येते. तुम्हाला येते तेवढीच. मला कसलंच वरदान नाही. कधी कधी मला या माणसांचा रागसुद्धा येतो. आणि मी थकलेय, साहेब. विश्वास तपासून बघितला मी. तो आहे तिथे आहे. थकलेय तरीपण."

पाळकसाहेबांनी माइकसाठी हात पुढे केला, तिनं तो दिला नाही.

"मी आज सांगणार होते की उद्यापासून जाणार नाही. तसं नाही सांगत. उद्या सातला मी बास्केट घेऊन माझ्या दारात बसेन. कोणीतरी एक जण सोबत या. ट्रे धरायला. कोणी आलं तर जाईन. एकटी जाणार नाही." तिनं शालीची घडी केली, बाकावर ठेवली आणि बसली.

पाळकसाहेबांनी घाईघाईनं गीताचा नंबर सांगितला.

नंतर आवारात चहा-सामोसे होते. कोणी तिच्याजवळ फिरकेना. प्रितीबाई आल्या त्या हे सांगायला, "इतकी वर्षं आम्हाला फसवलंत, ताई." पाळकसाहेब आले, चेहरा उतरलेला. "मला आधी सांगायचं होतंत. मी कुठे कुठे ही साक्ष दिलीय!" उद्या कोण येणार, हे दोघांपैकी एकानंही विचारलं नाही. सामोशाचं तेल प्रितीबाईंनी त्याच सेंटच्या रुमालाला पुसलं. मी माझा सामोसा तसाच ठेवला.

फाटकापाशी रखमा टॅक्सीची वाट बघत उभी होती. गणपत भिंतीला टेकून बसला होता. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "गाव खंय तुमचो?" आपली भाषा ऐकल्यावर बाई मोकळी झाली. दोन वाक्यं गावाची झाली आणि मग गणपतकडे बोट करून ती एकदम म्हणाली, "ताईनू, ह्या आज सगळ्यांका कळला. तेंका पयल्या दिसापासना म्हायत आसा."

"काय?"

"नम्रताबायक वास येता ता. बायच्या डोळ्यांत पाणी येता, घोट गिळता, ता तेंका दिसता मां. इतक्या जवळ तोंड आसता. म्हणान ते हात ढकलतत, तोंड फिरयतत. माका सांगतत, तिका तरास नको, तू कर म्हणान. पण माझे हात थरथरतत, काय करू?"

दोन महिने मी त्या माणसाला आडमुठा म्हणत होते. त्या चर्चमध्ये, आमच्या चाळीत, नगरच्या मेळाव्यात, कोणीही नम्रताच्या तोंडाकडे नीट बघितलं नव्हतं. ज्याला स्वतःचं अर्धं तोंड उरलं नव्हतं त्यानं बघितलं होतं. मला तिथे उभं राहवेना. मी चालतच घरी आले.

सोमवारी सातला नम्रता दारात स्टूल टाकून बसली. मी माझं दार बोटभर उघडं ठेवून बघत होते. मी जाणार नव्हते. मला जमणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि चाळीस माणसं बसतात त्या चर्चमधून एक तरी येईल, असं मी धरून चालले होते. सात-दहा झाले. दूधवाला येऊन गेला. सात-वीस. जिन्यात पावलं वाजली, तशी तिनं मान वर केली. वरच्या मजल्यावरचा भाडेकरू होता, तो खाली गेला. साडेसातला तिनं बास्केटवरचा टॉवेल नीट केला, स्टूल उचललं आणि आत जायला वळली. तिच्या पाठीला पोक आलंय हे मला तेव्हा दिसलं.

त्या रिकाम्या जिन्याची मला जेवढी किळस आली तेवढी बास्केटची कधी आली नव्हती. मी दार उघडलं.

"थांब. चपला घालते."

"तुला जमणार नाही," ती म्हणाली.

"माहितेय मला. बास्केट इकडे दे."

गणपतला आम्ही दिसलो तशी त्यानं बसण्याची जागा सरकवून केली. रखमानं पाण्याचा मग पुढे ठेवला. मी ट्रे धरला, नजर समोरच्या बसस्टॉपच्या पाटीवर. नम्रतानं पट्टी सोडली. मी मनात पाटीवरचे आकडे वाचत होते. मग वास आला. फुटपाथवरून जाताना येतो तो नव्हे, तोंडावर येतो तो. ट्रे मी कसाबसा खाली ठेवला, चार पावलं गेले आणि गटाराच्या जाळीपाशी वाकून सकाळचा चहा सगळा बाहेर काढला. रस्त्यानं जाणारी माणसं माझ्याकडे बघून बाजूला होत होती.

परत आले तेव्हा माझ्या नाकातोंडातून पाणी वाहत होतं. गणपत माझ्याकडे बघत होता. त्यानं त्याची पाण्याची बाटली उचलली, झाकण काढलं आणि माझ्यापुढे धरली. डाव्या कोपऱ्याला लावतो तीच. बाटलीच्या तोंडाला त्याच्या ओठाची खूण होती.

मी ती घेतली. वरून प्यायला गेले, तर पाणी सगळं नाकावर आणि साडीवर सांडलं. मग मी बाटली तोंडाला लावली आणि प्यायले. पाणी कोमट होतं.

गणपतनं बाटली परत घेतली, झाकण लावून बाजूला ठेवली. घशातून काहीतरी बोलला. रखमा म्हणाली, "सवय होतली, म्हणतत." मग त्यानं आपणहून तोंड नम्रताकडे फिरवलं आणि डोळे मिटून घेतले.

"आता नीट धर," नम्रता मला म्हणाली. "हलवू नकोस."

मी ट्रे उचलला.